काय दिलं ते सांगा

मॅडमच्या खोलीत दोन घड्याळं होती. एकात आपली वेळ, दुसऱ्यात विलायतेची. लंडनचा बाजार उघडल्याशिवाय त्या जेवत नसत. एकदा माझी चुलतबहीण मुक्कामाला आली होती. दुसरं घड्याळ मागं पडलंय असं समजून तिनं ते पुढं करून ठेवलं. त्या दिवशी मॅडमनी सकाळी नऊलाच पान वाढून घेतलं, दोन घास खाल्ले आणि हात थांबवला.

"मी पाहूनच राह्यली," त्या म्हणाल्या, "आज भूक काऊन नाही लागली."

मराठी शाळेत गणित शिकवून त्या रिटायर झाल्या होत्या. लग्न केलेलं नव्हतं. माझ्या घराच्या पुढच्या खोलीत सात वर्षं भाड्यानं राहिल्या. शेजारचे तेलुगू लोक त्यांना टीचरम्मा म्हणत, मी मॅडम म्हणत असे. माझी शाळा चौथीपर्यंत. आदिलाबादच्या बाहेर नाल्याकाठी अर्धा एकर आहे, त्यात भाजी लावते आणि बाजाराच्या दिवशी ऑटोनं जैनथला नेऊन विकते. आमच्या दोघींत सारखं असं काही नव्हतं. मी बसून काम करते, त्या बसत नसत.

खरंच बसत नसत. जेवायच्याही उभ्यानं, ताट खिडकीत ठेवून. चहाचा कप हातात घेऊन ओसरीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायच्या आणि अर्धा चहा फरशीवर सांडायच्या. उजव्या पायाची चप्पल नेहमी आधी झिजायची, कारण वळताना त्या पायावर जोर द्यायच्या. मोच्यानं एकदा विचारलं, तुमचा एक पाय जड आहे का. मॅडम म्हणाल्या, "कोनत्या पायाच्या मानानं?"

हे त्यांचं रोजचं होतं. त्यांच्यापुढं कुणी एकट्या वस्तूची किंमत बोलायची सोय नव्हती. टमाटे महाग झाले म्हटलं की, कशाच्या मानानं? एका लग्नात नवरीची मावशी कौतुकानं सांगत होती, "पोरीले नोकरीवाला नवरा भेटला." मॅडम म्हणाल्या, "घेतलं ते समजलं. देलं काय?" मावशी तिथून उठून गेली. मला पुन्हा त्या घराचं बोलावणं आलं नाही, आणि त्याचं मला वाईटही वाटलं नाही.

गल्लीत आज त्यांचं नाव निघालं की लोक म्हणतात, त्या बाईला पैशाच्या जुगाराचा नाद होता, माझ्या जावयालाही तिनंच बुडवलं. ते खोटं आहे. खरं काय ते मला माहीत आहे, म्हणून लिहिते.

नाद होता, हे खरं. रोज दुपारी लंडन उघडलं की फोनवर भाव पाहायचा आणि वहीत लिहायचा. डॉलर-रुपया, युरो-डॉलर, पौंड-येन. नेहमी दोन नावं. एकटं नाव कधी लिहीत नसत. मी विचारलं तर म्हणाल्या, "एकट्या पैशाले किंमत नसते, बाई. दोन देशांचे पैसे शेजारीशेजारी ठेवले की मंग किंमत निघते. युरो-डॉलरचा भाव म्हंजे एका युरोले किती डॉलर द्या लागतात ते. एक चढला म्हंजे दुसरा उतरला. दोन्ही एकदम चढतच नाही."

"मंग तुमचा नफा किती झाला?"

"मी कुठी करून राह्यली? मी फकत लिवते."

सात वर्षांत त्यांनी त्या बाजारात एक रुपया टाकला नाही. मी म्हटलं, एवढं कळते तर टाकत काऊन नाही? म्हणाल्या, "कळते म्हणूनच." आणि वळून चालायला लागल्या.

संध्याकाळी माझ्या ओसरीवर त्यांचा वर्ग भरायचा. फुकट. भिंतीला टेकवलेला एक फळा, आणि समोर एक ऑटोवाला, एक औषधाच्या दुकानाचा मालक, बँकेतला एक शिपाई. सगळ्यांच्या फोनवर झटपट पैसे कमवायच्या जाहिराती येत होत्या आणि सगळ्यांना हात खाजत होते. मॅडम त्यांना सांगायच्या की असल्या कितीतरी दुकानांना आपल्या देशात परवानगीच नाही, आणि परवानगी असलेल्या बाजारातही घेण्याचा भाव वेगळा, विकण्याचा वेगळा, मधलं अंतर दुकानदाराचं. तुम्ही जिंका नाही तर हरा. तरी शिकवायच्या. न समजता जाण्यापेक्षा समजून न गेलेलं बरं, असं त्यांचं म्हणणं होतं.

मी आत भाजी निवडत ऐकायची.

"मॅडम, डॉलर वाढला म्हणते बातम्यात," ऑटोवाला म्हणायचा.

"कशाच्या मानानं?"

"वाढला म्हंजे वाढला ना!"

"तू उंच हायेस का बुटका?"

"मी? मी ठीक हाय."

"कोनाच्या मानानं?"

"बायकोच्या मानानं बुटका हाय, मॅडम," औषधवाला म्हणाला. "म्हणूनच तर घरी बसूनच बोलते हा तिच्यासंग."

सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर ऑटोवाला आणि त्याची बायको अशी दोन नावं शेजारी लिहिली आणि बायकोनं टाचेची चप्पल घातली तर या जोडीचा भाव कुठं जाईल, ते चांगलं अर्धा तास शिकवलं. त्या दिवशी मला जोडी कळली, असं मला वाटलं.

हा नाद कुठून लागला ते त्यांनी एकदाच सांगितलं. त्यांचे वडील जैनथकडच्या एका मोठ्या शेतकऱ्याकडं सालानं होते. मजुरी ज्वारीत की पैशात, हे मालक ठरवायचा. ज्वारी महाग झाली की तो पैसे द्यायचा. स्वस्त झाली की ज्वारी मापायचा. वडिलांना वाटायचं मालक चांगला आहे, कधी हे देतो कधी ते देतो. चौथीत असताना मॅडमनी पाटीवर ज्वारी आणि रुपया शेजारी मांडले आणि वडिलांना दाखवलं.

"मंग काय म्हणाले?" मी विचारलं.

"काई नाही. पाटी पुसली. अन् मले म्हणाले, हे कोनाले दाखवू नको."

एवढं सांगताना त्या ओसरीच्या चार चकरा मारून आल्या होत्या. अशा वेळी काय बोलतात ते मला येत नाही.

बाजाराच्या दिवशी त्या माझ्याबरोबर जैनथला यायच्या. टोपल्यांना हात लावत नसत, मदतीचं नाव नाही. त्या येत ते दिवस कलतानाच्या बदलीसाठी. बाजार उठायच्या वेळेला आम्ही भाजीवाल्या उरलेला माल घरी नेत नाही, आपसात बदलतो. त्याची रीत अशी: मधे एक गोणपाट टाकायचं. जिला काढायचं ती आपला माल आधी ठेवते. माझी मेथी उरली तर मेथी आधी. मग दुसरी तिच्या शेजारी आपली वांगी ठेवते. कमी वाटली तर मी नुसती पाहते, ती अजून दोन टाकते. पटलं की एकमेकींचं उचलायचं. बोलायचं नाही. पहिलं ठेवलं ते गेलं, दुसरं ठेवलं ते आलं. माझ्या सासूच्या आधीपासून हे असंच आहे.

मॅडम उभ्यानं वहीत लिहायच्या: मेथी-वांगी, पालक-कोथिंबीर. बाकीच्या बाया म्हणायच्या, "टीचरबाई, आमच्या वांग्याची जनगणना झाली का?"

आता जावयाचं.

माझी एकुलती लेक बेल्लमपल्लीला दिली. जावई कोळशाच्या खाणीत होता. रिटायर झाला तेव्हा एकरकमी पैसा हातात आला आणि कंपनीचं क्वार्टर सोडायची चिठ्ठीही आली. त्या पैशातून आदिलाबादेत दोन खोल्यांचं घर घ्यायचं ठरलं होतं. लेक जन्मभर कंपनीच्या भिंतीत राहिली. खिळा ठोकायलाही नवऱ्याला विचारावं लागायचं. तिला स्वतःची भिंत पाहिजे होती, एवढंच.

दसऱ्याला दोघं आले. जावई फोन काढून बसला. त्याच्या बरोबरच्या कुणीतरी त्यात जाहिरातीतलं तसलंच एक पैशाच्या सौद्याचं दुकान घालून दिलं होतं. तो मला मामी म्हणतो.

"मामी, तुमच्या मॅडम सांगतात ना हे? युरो-डॉलर. मले डॉलर घ्याचा हाय. डॉलर चढूनच राह्यला."

मॅडम त्या दिवशी नागपूरला गेल्या होत्या. मी म्हणायला पाहिजे होतं, त्या आल्यावर विचारा. पण जावई मला काही विचारतो हे पहिल्यांदाच होत होतं. त्याचं माझं कधी बोलणंच नसायचं. आणि मी सात वर्षं आतून ऐकत होते. मला येतं, असं मला दाखवायचं होतं.

"सोपं हाय, जावईबापू," मी म्हटलं. "आमच्या गोणपाटावानी. पहिलं ठेवलं ते गेलं, दुसरं ते आलं. युरो पहिला हाय तर युरो देऊन डॉलर घेतला."

"म्हंजे हे घ्यायचं बटन दाबलं की डॉलर आला?"

"आला."

लेक स्वैपाकघरातून म्हणाली, "आई, तुले खरंच समजते का?" मी तिला म्हटलं, तू पोळ्या कर.

पुढचं कळलं ते थंडीच्या आधी, जैनथच्या बाजारात. दुपारचे तीन वाजले असतील. मॅडम फेऱ्या मारत होत्या. मी एका बाईची उरलेली वांगी घ्यायला गोणपाटावर मेथी ठेवली होती, आज गिऱ्हाईक कमी म्हणून लवकरच बदली चालली होती. जावई बसमधून उतरून सरळ आला. चेहरा उतरलेला. फोन हातात घट्ट धरलेला.

"मामी, तुमी फकत हो म्हना."

"कशाले?"

निम्मा पैसा त्यानं त्या दुकानात टाकला होता आणि तो खाली चालला होता. चार वाजेपर्यंत अजून टाकले नाहीत तर सौदा आपोआप तुटणार आणि टाकलेलं जाणार, असं फोन सांगत होता. उरलेला निम्मा पैसा लेकीच्या खात्यात होता. तिनं त्याला सांगितलं होतं, आई हो म्हणाली तर देते.

"आज टाकले तर सगळे वापस येतात, मामी. डॉलर चढूनच राह्यला! मी रोज बातम्या पाह्यतो. डॉलर वर अन् माहे पैसे खाली. हे लोक चोर हायेत, पण थोडं थांबलं की येतील."

मॅडम कधी येऊन उभ्या राहिल्या कळलं नाही. त्यांनी हात पुढं केला. जावयानं फोन दिला नाही, नुसता दाखवला.

"तुमी काय घेतलं?" मॅडमनी विचारलं.

"डॉलर."

"अन् देलं काय?"

"युरो."

मॅडमचा पाय थांबला. सात वर्षांत मी त्यांना अशा उभ्या पाहिल्या नव्हत्या.

"उलटं हाय," त्या म्हणाल्या. "यात पहिला असते तो घेतल्या जाते. तुमी घ्यायचं बटन दाबलं म्हंजे युरो घेतला अन् डॉलर देला. डॉलर चढला म्हणूनच तुमचे चालले. आनखी चढला तर आनखी जातील."

"असं कसं? पहिलं ठेवलं ते जाते, दुसरं ते येते."

"हे कोनं सांगतलं तुमाले?"

जावयानं माझ्याकडं पाहिलं. मग खाली पाहिलं. खाली गोणपाटावर माझी मेथी होती, तिच्या शेजारी त्या बाईची वांगी, आणि माझा हात अजून मेथीच्या जुडीवरच होता.

मॅडमनीही तिकडं पाहिलं. त्यांच्या वहीत तर ती रीत सात वर्षं लिहिलेली होती. त्यांना कळायला तेवढाच वेळ लागला, जेवढा मला माझा हात उचलायला लागला.

"मीच नीट शिकवलं नाही," मॅडम म्हणाल्या. "वर्गात हे सांगाचंच राह्यलं. चूक माही हाय."

वांगीवाली बाई विचारत होती, पटलं का नाही. मी वांगी उचलली.

"तोडा आता," मॅडम जावयाला म्हणाल्या.

"तोडलं तर निम्मे गेले, मॅडम! माह्या तीस वर्षांचे..."

"निम्मे गेले. नाही तोडले तर बाकीचे निम्मे जातील. बाई, लेकीले फोन लावा."

मी लावला. लेक पलीकडून म्हणाली, "आई, हो म्हणू का?" मी म्हटलं, "नको देऊ." एवढंच. का ते सांगितलं नाही. जावयानं बटण दाबलं आणि फोन वांग्यांवर ठेवून दिला. नंतर त्या दुकानात उरलेलं थोडं काढायला गेला तर तेही अडकलं, आजपर्यंत आलेलं नाही.

घर गेलं. क्वार्टर सोडायची तारीख मात्र गेली नाही. जावई दोनदा आदिलाबादेत भाड्याची घरं पाहून गेला. गल्लीत लोकांनी विचारलं तेव्हा म्हणाला, त्या टीचरनं उलटं शिकवलं. एकदा ओसरीसमोर उभं राहून मोठ्यानं म्हणाला. मॅडम फळा पुसत होत्या. पुसत राहिल्या. मी आत होते, आणि बाहेर आले नाही. त्या संध्याकाळी ऑटोवाला आला नाही, शिपाईही नाही. औषधवाला आला, उभ्याउभ्याच दोन शब्द बोलून गेला. दुसऱ्या दिवसापासून मॅडम फळ्यासमोर एकट्याच चालत होत्या.

आठ दिवसांनी म्हणाल्या, "बाई, मी मुधोळले भाचीकडं चालली. खोली रिकामी होते. लेकीले बोलवून घ्या."

"मी तुमाले जा म्हटलं का?"

"नाही म्हटलं."

"मंग काऊन चालल्या?"

"कोनाले तरी आत याचं हाय, बाई," त्या म्हणाल्या, आणि घड्याळं उतरवायला लागल्या.

मी थांबा म्हटलं नाही. लेक कुठं राहणार, हे मलाही पडलेलं होतं. थांबा म्हटलं असतं तर त्या थांबल्या असत्या, म्हणून म्हटलं नाही. खरं ते हे आहे.

ऑटोत बसताना मांडीवर दोन्ही घड्याळं होती. म्हणाल्या, "पश्चिमेची खिडकी उन्हाळ्यात बंद ठेवा लागते. लेकीले सांगजा." मी म्हटलं, सांगते. मला दुसरंच सांगायचं होतं. ऑटो निघाला तरी त्यांचा एक पाय हलतच होता.

लेक-जावई राहायला आले. लेकीनं पहिल्याच दिवशी भिंतीत खिळा ठोकला. मला न विचारता. ठोकू दिला. त्याच भिंतीवर घड्याळांचे दोन गोल डाग आहेत, बाकी भिंत मळलेली आणि तेवढं पांढरं.

एके दिवशी जावई अंगणात एकटा होता. मी विचारलं, "तुमाले मी सांगतलं होतं. मंग त्या मॅडमले काऊन बोलले?"

तो नळ उघडझाप करत राहिला. "तुमाले कसा बोलू, मामी? कोनाले तरी बोलाचं होतं."

मागच्या बाजाराला जैनथमधे मी बदलीला बसले होते. ती वांगीवाली बाई समोर होती, गोणपाट मधे. दिवस कलला होता, आमचा ऑटोवाला शेवटची फेरी म्हणून हॉर्न वाजवत होता.

"बरं झालं, बाई," ती म्हणाली. "लेक-जावई घरात आले. म्हातारपणी आनखी काय पाह्यजे. अन् ती बुडवणारी टीचर गेली ते आनखी बरं."

मी मेथी ठेवली होती. तिनं शेजारी वांगी ठेवली. आज मी उचलली नाही.

"घेतलं ते समजलं तुले," मी म्हटलं. "देलं काय, ते इचार."

"काय देलं?"

रीत अशी आहे की बदलीत बोलायचं नाही. मी बोलायला लागले. दसऱ्यापासून सुरू केलं. स्वैपाकघरातून लेक काय म्हणाली ते सांगितलं, माझा हात कुठं होता ते सांगितलं. शेजारच्या दोघी आपापल्या टोपल्या सोडून जवळ आल्या. ऑटोवाल्यानं आणखी दोनदा हॉर्न वाजवला, मग "मावशे, येतं का नाही?" म्हणून ओरडला.

मी त्याला हातानं जा म्हटलं. अजून अर्धं सांगायचं राहिलं होतं.